मिस्त्रीची लाकडी चौकट

माझ्या भावाविषयी एका कागदावर एकच वाक्य लिहिलेले आहे. "बॅट बनविणाऱ्यास जाडीची पूर्वकल्पना होती." हा कागद सात वर्षे आमच्या घरात आहे. मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी अक्षरे शिकले, आणि आता तो मी स्वतः वाचला आहे. ते वाक्य खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्यात काय राहून गेले हे मला माहीत आहे. म्हणून मी हे लिहीत आहे.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. त्याला सर्व जण मिस्त्री म्हणतात. तो नऊ वर्षांचा असताना त्याने शेजारच्या घरातील स्टुलाचा मोडका पाय कोणाला न विचारता बसवून दिला. आमचे वडील ते पाहून म्हणाले, "या, मिस्त्री, या!" त्यांनी थट्टा केली होती, पण ते नाव त्याला चिकटले ते चिकटलेच. पुढे त्याची बायको त्याला मिस्त्री म्हणत असे आणि मीही मिस्त्रीच म्हणते. त्याची मुलगी बारकी चार वर्षांची असताना बारकीची आई गेली. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या घरी मी एकटीच उरले होते. मी एक ट्रंक घेऊन भावाकडे आले आणि येथेच राहिले.

मिस्त्री क्रिकेटच्या बॅटी तयार करीत असे. घराच्या मागे एक लांब खोली आहे, तोच कारखाना. त्या खोलीला उत्तरेकडे एकच खिडकी आहे आणि तिच्याखाली त्याचे बाक. भिंतीशी विलो लाकडाचे कापलेले तुकडे एकावर एक आडवे रचून ठेवलेले असत, मधून वारा जावा म्हणून प्रत्येक थरात दोन काड्या. कोपऱ्यात लाकूड दाबण्याचे रुळाचे यंत्र होते. ते चालू केले की घरातील पातेली वाजत. तुकडा दाबायचा, वेताची मूठ पाचरीसारखी त्यात बसवायची, सरस लावून शिकंज्यात आवळायची, आणि मग दोन मुठींच्या रंध्याने पाते उतरवायचे, असा त्याचा क्रम होता. मुठीला दोरा गुंडाळण्याचे काम माझे. दोरा ताणून ताणून माझ्या उजव्या तर्जनीला एक खाच पडली आहे. ती अजून आहे.

मिस्त्रीला लिहिता वाचता येत नसे. आजही येत नाही. तो मोजपट्टीचे आकडे ओळखत असे, परंतु पट्टी तो लांबीसाठीच वापरी. बाकी सर्व माप त्याच्या अंगठ्यात होते. बॅटच्या काठावर उजव्या हाताचा अंगठा आडवा ठेवून तो डोळे मिटल्यासारखे करी आणि म्हणे, "अजून दोन हात." म्हणजे रंध्याचे आणखी दोन फटके. मग पुन्हा अंगठा. "झालं." झालं म्हटल्यावर त्या बॅटला तो परत रंधा लावीत नसे. बॅट तयार झाली की मुठीखाली तो तापवलेल्या लोखंडी ठशाने एक खूण उमटवी. एक टिंब आणि त्याच्यावर अर्धे वर्तुळ, एवढीच ती खूण. सही येत नसल्यामुळे त्याने कुलूपवाल्याकडून तो ठसा करवून घेतला होता. लोक त्याला डोळा समजले आणि आमच्या बॅटीला 'डोळ्याची बॅट' म्हणू लागले.

आमच्या अर्ध्या बॅटी गिऱ्हाईक हातात घेऊन निवडत असे आणि अर्ध्या टीव्ही पाहून, हे सांगणे आवश्यक आहे. टीव्हीवर मोठे सामने दिसू लागले, त्यात जाड काठाच्या बॅटी दिसू लागल्या, आणि चेंडू बॅटच्या काठाला लागूनही सीमेपार जाऊ लागला. जाहिरातीत एक खेळाडू बॅट आडवी धरून काठ दाखवीत हसत असे. दुसऱ्याच दिवशी खेळाच्या सामानाचा दुकानदार, जो आमच्या बहुतेक बॅटी घेत असे, आमच्या दारात उभा राहिला.

"मिस्त्री, काठ जाड करा."

"किती?"

"टीव्हीत आहे तेवढा."

"टीव्हीत मी पण जाड दिसेन," मिस्त्री म्हणाला. "वजन वाढेल, त्याचं काय?"

"वजन नको. नुसता काठ जाड पाहिजे. पोरं बॅट हातात धरत नाहीत हो आता, कडेनं बघतात. गादी विकत घेतल्यासारखी."

मिस्त्री काही दिवस कुरकुरला, परंतु पोटापुढे कुरकुर किती टिकणार? त्याने हलके लाकूड निवडले, पात्याची पाठ पोखरली आणि काठ ठेवले. बॅटी दिसायला राक्षसी आणि उचलायला हलक्या झाल्या. त्या खपल्या. त्याला त्या आवडत नव्हत्या. तो म्हणे, "ही बॅट नाही, ही उशी आहे. आडवं व्हावं आणि झोपावं."

नंतर काही वर्षांनी खेळाचे नियम करणाऱ्या मंडळींनी जाडीवर मर्यादा घातली. दुकानदाराने छापील कागद आणून दिला. आमच्या घरात तो वाचणारे कोणी नव्हते. बारकी शाळा शिकलेली होती, परंतु ती त्या आठवड्यात सामन्यासाठी परगावी होती. म्हणून मिस्त्रीने गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या घड्याळवाल्याला बोलावले. घड्याळवाला हा आमचा जुना स्नेही. तो डोळ्याला भिंग लावूनच कागद वाचू लागला, त्यामुळे मिस्त्रीला हसू आले.

"रुंदी एकशे आठ मिलिमीटर. ती पहिल्यापासूनच आहे," घड्याळवाला म्हणाला. "म्हणे फार पूर्वी एक जण तिन्ही स्टंप झाकतील एवढी रुंद बॅट घेऊन उतरला होता. तेव्हापासून रुंदीचा नियम."

"घराचं दार काढून आणलं असतं तर?"

"तर घरात चोर आले असते. ऐक. पाठीचा फुगवटा जास्तीत जास्त सदुसष्ट. काठ जास्तीत जास्त चाळीस. आणि बॅट गेजमधून गेली पाहिजे."

"गेज म्हणजे?"

"मापाची चौकट. मध्ये बॅटच्या आकाराचं भोक. बॅट त्यातून वरपासून खालपर्यंत सरकली तर पास. अडकली तर नापास."

मिस्त्रीने ते भोक कागदावर काढून घेतले. घड्याळवाल्याने आपल्या मापाच्या चिमट्याने रेषा तपासून दिल्या आणि सांगितले, "पत्र्याची कर. जाड पत्र्याची."

"पत्र्यानं बॅटला ओरखडे पडतील. कोऱ्या बॅटला नख लागलं तरी गिऱ्हाईक परत आणतं."

"मग काय, मखमलीची करणार?"

"लाकडाची करतो."

त्याने विलोच्याच एका फळीची चौकट केली. बॅटचे लाकूड आणि चौकटीचे लाकूड एकच, म्हणजे कोणी कोणाला दुखावणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. भोक इतके बरोबर कोरले होते की घड्याळवाल्याने चिमटा लावून पाहिला आणि मिटून खिशात ठेवला. ती चौकट खिडकीजवळच्या खिळ्यावर टांगली गेली. तयार झालेली प्रत्येक बॅट तिच्यातून घालून पाहण्याचे काम मिस्त्रीने माझ्याकडे दिले.

पहिले काही महिने तीन बॅटींपैकी एक अडकत असे. मी ती परत देई. मिस्त्री आपला नेम मोडून चार हात मारी आणि पुन्हा देई. पुढे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चौकटीच्या आतल्या कडेला लाकडाचे तंतू उभे राहत आणि ते बॅटच्या पॉलिशला ओढत. म्हणून मी दर सोमवारी सकाळी काम सुरू होण्यापूर्वी काचकागदाचा तुकडा बोटाला गुंडाळून चौकट आतून घासत असे आणि वर जवसाच्या तेलाचा हात फिरवीत असे. मला कोणी तसे सांगितले नव्हते. कोणी नकोही म्हटले नव्हते. स्वच्छता ही चांगली गोष्ट आहे असे मी समजत होते.

दुसऱ्या वर्षी बॅटी अडकण्याचे प्रमाण कमी झाले. नंतर त्या अडकेनाशाच झाल्या. मी एके दिवशी मिस्त्रीला म्हटले, "बघ, महिनाभरात एकही अडकली नाही. आता हात बसला तुझा."

त्याने हातातील बॅटच्या काठावर अंगठा ठेवला होता.

"ताई, ही जाड वाटते मला."

"चौकटीतून जाते ना?"

"जाते."

"मग? कागदापेक्षा तुझा अंगठा मोठा का?"

त्याने अंगठा काढून घेतला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मनात छापील कागदाविषयी किती धाक असतो हे मला माहीत आहे, कारण तो माझ्या मनातही होता. नियम कागदावरून चौकटीत आला होता, म्हणून चौकट आम्हांला कागदासारखीच होती. अंगठा तर आपलाच. आपल्या वस्तूवर कोण विश्वास ठेवतो? पुढे आणखी दोन तीन वेळा त्याने बॅटच्या काठावर अंगठा ठेवून माझ्याकडे पाहिले. मी होकाराची मान हलविली. त्याने ठसा उमटविला.

आता बारकीविषयी. ती सर्व भावंडांत लहान म्हणून बारकी नव्हे, ती एकुलती एकच आहे. ती मुळातच बारीक होती आणि अजूनही आहे. ती डावाची सुरुवात करणारी फलंदाज. लहानपणी कारखान्यातील तुकडे घेऊन भिंतीवर चेंडू मारी. तिने दुसऱ्या कोणाची बॅट कधी हातात घेतली नाही. प्रशिक्षक बाईंनी तिला एकदा कंपनीची नवी बॅट देऊ केली, तेव्हा तिने सांगितले होते, "आमच्या घरी बॅटी होतात, बाई. मी बाहेरचं खात नाही." हे वाक्य संघातील मुलींनी इतके दिवस उगाळले की आम्हांलाही पाठ झाले.

तिच्या बाविसाव्या वर्षी तिचे नाव मोठ्या संघाच्या निवडीच्या यादीत आले. निवड एका महिन्यावर होती. त्याआधी मुलींच्या साखळी स्पर्धेचा उपान्त्य सामना होता. तो पाहण्यासाठी मी आणि मिस्त्री गेलो. मैदान लहानच होते. आम्ही सिमेंटच्या पायरीवर वर्तमानपत्र घालून बसलो. बारकीने चौसष्ट धावा केल्या. आमच्या मागे बसलेला एक मनुष्य प्रत्येक फटक्याला "गेला, गेला, गेला!" असे ओरडत होता, जणू चेंडू त्याच्याच घरून निघाला होता. मिस्त्री फटके पाहत नव्हता. बॅटवर चेंडू आदळल्याचा आवाज तो ऐकत होता.

बारकी बाद होऊन परत येत असताना सीमारेषेजवळ पंच उभे होते. त्यांच्या हातात पोलादी गेज होते. त्या स्पर्धेत उपान्त्य सामन्यापासून बॅटी तपासत. लहान सामन्यांत तपासत नसत. त्यांनी बारकीची बॅट घेतली आणि गेजमध्ये घातली. ती बॅटच्या खांद्याखाली चार बोटांवर थांबली. त्यांनी ती काढली, फिरविली आणि पुन्हा घातली. ती तेथेच थांबली.

आम्ही पायऱ्या उतरून कुंपणाशी आलो, तेव्हा बोलणे ऐकू आले.

"अहो, सरळ घाला ना," बारकी म्हणत होती.

"ताई, मी रोज हेच करतो. काठ जाड आहेत. दोन्ही."

"घरी चौकटीतून गेलीय ती. माझ्या आत्यानं घातलीय."

"आत्याची चौकट इथं चालत नाही," पंच म्हणाले. ते चेष्टा करीत नव्हते.

बारकीने कुंपणाकडे पाहिले. मिस्त्रीने कुंपणाची जाळी धरली होती. त्या वेळी मला काय वाटले असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. मला जाळीचा गंज आठवतो आणि बारकीच्या उजव्या पॅडचा एक सुटलेला पट्टा आठवतो.

संघ सामना जिंकला. परंतु नियमाप्रमाणे तो विजय रद्द ठरला आणि अंतिम सामन्यात दुसरा संघ गेला. कर्णधार मुलगी बारकीला सर्वांसमक्ष म्हणाली, "बाहेरचं खात नव्हतीस ना? आता घरचं बाधलं सगळ्यांना." त्याहून मोठी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. स्पर्धेच्या समितीपुढे चौकशी होणार होती. बॅट नियमाबाहेर आहे हे खेळाडूला माहीत होते असे ठरले, तर एक वर्ष बंदी. बंदी म्हणजे निवड गेली. आणि त्या यादीत एकदा राहिलेले नाव पुन्हा येते असे आम्ही कोठे पाहिले नव्हते.

घरी येऊन बारकीने मोजे धुतले. मोजे पिळता पिळता तिने विचारले, "बाबा, माझ्यासाठी मुद्दाम जाड ठेवली होती का?"

"नाही."

"मग?"

"चौकटीतून गेली होती."

"आत्या?"

"गेली होती. मीच घातली होती."

तिने मोजे दोरीवर टाकले. ती रडली नाही. त्या आठवड्यात आमच्या घरात कोणीच रडले नाही. आम्ही जेवत होतो, भांडी घासत होतो, दिवे बंद करीत होतो. तिघेही एकमेकांना वाट देत, दाराशी थांबून, पाहुण्यांसारखे घरात फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी घड्याळवाला आपला चिमटा घेऊन आला. त्याने खिळ्यावरची चौकट काढली आणि भोकाला चिमटा लावला. एकदा लावला, पुसला, पुन्हा लावला.

"मिस्त्री, ही चौकट कुणी घासतं का?"

"ताई घासते. का?"

"कधीपासून?"

"दोन वर्षं. दर सोमवारी," मी म्हटले.

घड्याळवाल्याने चौकट बाकावर ठेवली. "काठाची जागा दीड मिलिमीटर वाढलीय. दोन्ही बाजूंनी. बॅटी बारीक होत नव्हत्या, ताई. भोक मोठं होत होतं."

मिस्त्री उठला. मांडणीवर तयार बॅटी होत्या त्या त्याने एकेक करून खाली घेतल्या. प्रत्येकीच्या काठावर अंगठा ठेवला आणि काही डाव्या हाताला, काही उजव्या हाताला ठेवल्या. त्याने चिमटा मागितला नाही. त्याचे झाल्यावर घड्याळवाल्याने सर्व बॅटी मोजल्या. डावीकडच्या सर्व नियमात होत्या. उजवीकडच्या सर्व नियमाबाहेर होत्या. एकही चुकली नव्हती.

"म्हणजे तुला कळत होतं," घड्याळवाला हळू म्हणाला.

"कळत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले नाही. तो म्हणाला, "चौकट होती ना."

घड्याळवाला गेल्यावर मी मिस्त्रीला सांगितले, "हे अंगठ्याचं तिथं बोलू नकोस. चौकट झिजली एवढंच सांगायचं. ती मी घासली, हे मी सांगेन. चुकून झालं म्हणून सोडतील."

"बरं," तो म्हणाला.

चौकशीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, टेबलावर हिरवे कापड, पाण्याची एक बाटली आणि तीन पेले. टेबलामागे तिघे होते. मध्ये एक जुने खेळाडू, त्यांच्या डाव्या हाताला एक वकीलबाई आणि उजव्या हाताला लिहून घेणारा कारकून. आमच्यासाठी भिंतीशी खुर्च्या होत्या. मी चौकट जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून आणली होती. ती मांडीवर धरून मी बसले.

आधी मिस्त्रीने चौकट दाखविली. जप्त केलेली बॅट त्याने तिच्यातून घालून दाखविली. ती सरळ गेली. मग पोलादी गेजमध्ये घातली. ती अडकली. वकीलबाईंनी चौकटीच्या आतून बोट फिरविले आणि मान डोलाविली. मला वाटले, झाले.

परंतु जुने खेळाडू बारकीकडे वळले. "तुम्ही किती वर्षं खेळताय?"

"दहा."

"दहा वर्षं याच बॅटी?"

"हो."

"मीही वीस वर्षं खेळलोय. बॅट हातात घेतली की काठ कळतो. तुम्हांला दीड मिलिमीटरचा फरक कळला नाही?"

"नाही कळला."

"सराव करताना नाही, सामन्यात नाही?"

"नाही, सर. थोडं थोडं वाढत गेलं असेल, तर..."

"थोडं थोडं वाढत गेलं म्हणजे वाढतंय हे माहीत होतं?"

कारकून लिहू लागला. मी उभी राहिले.

"साहेब, चौकट मी घासत होते. काचकागदानं. हिला त्यातलं काही माहीत नाही."

"आजी, तुम्ही बसा," कारकून म्हणाला. "तुमचं नाव यादीत नाही."

"यादीत नसलं तरी घासली मीच..."

"बसा."

मी बसले. जुने खेळाडू पेन्सिल टेबलावर आपटत होते. "तुमच्या घरात तिघं जण. एकजण बॅट करतो, एकजण तपासतो, एकजण खेळतो. आणि तिघांपैकी कुणालाच कळलं नाही, असं आम्ही मानायचं? मग घरात कळणारं आहे तरी कोण?"

"मी," मिस्त्री म्हणाला.

सर्वांनी त्याच्याकडे पाहिले.

"मला कळलं होतं. अंगठ्याला कळतं माझ्या. ही बॅट ठसा मारायच्या आधीच जाड लागली होती मला."

"म्हणजे तुम्हांला माहीत होतं," वकीलबाई म्हणाल्या.

"होतं."

"मुलीला सांगितलंत?"

"नाही. तिला बॅट दिली आणि म्हटलं, बरोबर आहे. मी बरोबर म्हटल्यावर ती बघत नाही. तिनं कधी बघितलंच नाही."

"बाबा..." बारकी म्हणाली.

"तू गप्प बस."

वकीलबाईंनी आणखी एक प्रश्न विचारला. "माहीत होतं, तर मग चौकटीवर का विसंबलात?"

मिस्त्रीने विचार केला. तो खरोखर विचार करीत होता, हे मला दिसत होते. मी म्हटलेले ते वाक्य, कागदापेक्षा तुझा अंगठा मोठा का, ते त्याला सांगता आले असते. ते सांगितले असते तर प्रश्न संपला असता. तो म्हणाला, "आळस." त्याच्याइतका निरलस मनुष्य मी पाहिलेला नाही.

आम्हांला बाहेर बसविले. जिन्यात एक टीव्ही होता आणि त्याच्यावर कोठला तरी सामना चालू होता. शिपाई स्टुलावर बसून तो पाहत होता. एकाने षटकार मारला आणि शिपाई आम्हांला म्हणाला, "बघा, काय बॅट आहे!" मिस्त्रीने सवयीने वाकून पाहिले. "चांगली आहे," तो म्हणाला.

थोड्या वेळाने आत बोलाविले. खेळाडूस माहिती नव्हती, म्हणून बंदी नाही. बॅट बनविणाऱ्यास पूर्वकल्पना होती, म्हणून त्याची खूण असलेली बॅट यापुढे समितीच्या कोणत्याही सामन्यात चालणार नाही. कारकुनाने सर्व वाचून दाखविले आणि विचारले, "समजलं का?"

"समजलं."

"इथे सही."

"सही येत नाही."

कारकुनाने शाईचा डबा पुढे सरकविला. मिस्त्रीने उजवा अंगठा टेकविला, कागदावर दाबला आणि धोतराला पुसण्याऐवजी खिशातील चिंधीला पुसला, कारण ते धोतर बाहेर जाण्याचे होते. माझा अंगठा कोणी मागितला नाही.

येताना वाटेत बारकी आमच्यापुढे चार पावले चालत होती. मी मिस्त्रीला विचारले, "का बोललास?"

"तिचं वर्ष जात होतं."

"आणि तुझं?"

"माझी काय, झालीत सगळी."

त्याने ठसा त्याच दिवशी पुसून, तेल लावून, चौकट जेथे टांगलेली असे त्या खिळ्यावर टांगला. दुकानदार एकदा आला. म्हणाला, "मिस्त्री, खूण बदला, दुसरी करा. कोण विचारतंय?" मिस्त्री म्हणाला, "मी विचारतोय." दुकानदार पुन्हा आला नाही. रुळाचे यंत्र विकले गेले, त्यामुळे आमची पातेली आता वाजत नाहीत. पहिले काही आठवडे सकाळी मी ती वाजण्याची वाट पाहत असे. मग सवय मोडली.

बारकीची निवड झाली. पहिल्या यादीत नाही, दुसरीत झाली. एका खेळाडूचा गुडघा दुखावल्यामुळे तिला जागा मिळाली. तिला कंपनीची बॅट मिळाली. ती पहिल्यांदा ती बॅट घरी घेऊन आली, तेव्हा प्लॅस्टिकची पिशवी न काढताच तिने ती दाराआड उभी केली, चपला ठेवतात तेथे. दोन दिवस ती तेथेच होती. तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "कोरीच खेळणार आहेस का? फुटेल ती."

"मग काय करू?"

"इकडे दे."

त्याने पिशवी काढली. काठावर अंगठा ठेवला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "थोडी कमीच."

मग त्याने तिला जवसाचे तेल लावले, आडवी वाळत ठेवली आणि चौथ्या दिवसापासून लाकडी मोगरीने ठोकायला घेतली. नव्या बॅटला चेंडूच्या माराची सवय व्हावी म्हणून असे तासन् तास ठोकावे लागते. ते काम त्याचे आजही चालू आहे. बारकीच्या संघातील मुली आपल्या नव्या बॅटी त्याच्याकडे आणून देतात. त्या कर्णधार मुलीनेही आणली. ती दारात उभी राहून म्हणाली, "काका, माझी जरा जास्त ठोका." मिस्त्री म्हणाला, "बॅटला की तुला?" ती हसली. मी चहा ठेवला. दुसऱ्यांच्या खुणांच्या बॅटी आता आमच्या भिंतीशी ओळीने उभ्या असतात.

चौकट मी जाळली नाही. ती माझ्या ट्रंकेत त्याच अभ्र्यात आहे.

समितीच्या कागदाची एक प्रत मिस्त्रीला मिळाली होती. मला अक्षरे आल्यानंतर सर्वांत आधी मी तो कागद वाचायला घेतला. माझी गती मंद आहे, त्यामुळे एका पानाला दोन दुपारी लागल्या. पहिल्या दुपारी मला वाटले की मी उभी राहून जे बोलले ते पुढच्या ओळींत येईल. दुसऱ्या दुपारी ओळी संपल्या. त्यात बारकीचे नाव आहे, मिस्त्रीचे नाव आहे, अंगठ्याचा निळा ठसा आहे. माझे बोलणे कोठेही नाही. म्हणून ते मी येथे लिहून ठेवते. चौकट दर सोमवारी मी घासत होते. भावाला जाडी कळली होती आणि त्याने मला ती सांगितली होती. मी त्याला गप्प केले.

येथपर्यंत लिहून झाल्यावर मी हे सर्व मिस्त्रीला वाचून दाखविले. तो बाकावर बसून एका बॅटला तेल लावीत होता. त्याने मध्ये एकदाही थांबविले नाही. वाचून संपले तेव्हा त्याने चिंधीची घडी केली.

"सोमवारीच कुठं?" तो म्हणाला. "कधी कधी मंगळवारीही घासायचीस."

ते खरे आहे. कधी कधी मंगळवारीही.